पॅलेट नाइफ, चार नग

रविवार, सोळा नोव्हेंबर. सकाळी साडेदहा. कामठी, तुझं घर, पुढची खोली आणि अंगण.

हजर: भन्तेजी. तुझा धाकटा भाऊ मिलिंद आणि त्याची बायको छाया. तुझ्या शाळेतल्या चार शिक्षिका, त्यातल्या दोघी निवृत्त. गल्लीतल्या बाया, तीसेक असाव्यात. मी मोजायला लागले होते, पण त्या सारख्या आत-बाहेर करत होत्या. सदर बाजारातला फ्रेमवाला, जो दाराजवळ उभाच राहिला, बसला नाही. मी. आणि गेरू.

गैरहजर: तू. हे सवयीने लिहून झालं आणि मग मी पेन खाली ठेवलं.

सुजाता, तुझ्या पुण्यानुमोदनाला मी यादी घेऊन आले होते, याचं तुला नवल वाटलं नसतं. पांढरी फुलं, मेणबत्त्या, पाण्याचे कॅन, सतरंज्या, नव्वद माणसांचं जेवण. सगळ्यावर टिक झाली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, भन्तेजी अनित्यतेबद्दल बोलले. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, हे कोणाबद्दल चाललंय? भिंतीवर तुझा फोटो होता, त्याला हार होता, आणि तरी मी दोनदा स्वयंपाकघराकडे बघितलं, तू अजून बाहेर का आली नाहीस म्हणून.

सहा तारखेला, गुरुवारी दुपारी, तू सदरला फ्रेमवाल्याकडे गेलीस. स्टुलावर बसलीस, पाणी मागितलंस. त्याने बाटली शोधून झाकण उघडेपर्यंत तू गेली होतीस. एवढंच. माझं ऑफिस त्या दुकानापासून चालत सात मिनिटांवर. त्या दिवशीच्या माझ्या यादीत सहाव्या क्रमांकावर लिहिलं होतं, "सुजाताला फोन: कसली फ्रेम?" कारण सकाळी तू मला सदरला येतेय एवढंच सांगितलं होतंस. पाच कामं झाली होती. सहाव्याला फोन लावला तो फ्रेमवाल्याने उचलला.

पण हे लिहायला बसले ती त्या गुरुवारमुळे नाही. तो धक्का अजून माझ्या अंगात नीट उतरलेलाच नाही. रविवारी जेवणं झाल्यावर तुझ्या माळ्यावर जे सापडलं, त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही.

तू माझ्याकडे पहिल्यांदा आलीस ती अर्ज लिहून घ्यायला. त्याआधी तू फक्त माझ्या मुलीची चित्रकलेची बाई होतीस. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस, "मॅडम, माहे अर्ज परत येऊन राहिले. तुमच्या हातचा एक पाहिजे." मुलांच्या निरीक्षणगृहात दर शनिवारी चित्रांचा वर्ग घेऊ द्यावा, असा अर्ज. चोरी, मारामारी, काहींचं त्याहून वाईट. अठराच्या आतली मुलं, बाल न्याय मंडळाचा निर्णय होईपर्यंत तिथे ठेवलेली. तुझा अर्ज दीड पानाचा होता आणि त्यात 'अभिव्यक्ती' हा शब्द तीनदा आला होता. मी तो पाच ओळींत बसवला. वार, वेळ, सामान, जबाबदारी, सही. आठवड्यात मंजूर झाला.

"बाप्पा!" तू म्हणालीस. "म्हनजे अभिव्यक्ती काढली का मंजूर होते."

त्या दिवसापासून मी तुझी 'हेडक्लार्क' झाले, आणि महिन्याभरात 'मॅडम' जाऊन 'वं' आलं.

अटी कडक होत्या. ब्लेड नाही, शार्पनर नाही, टोकदार काही नाही. जेवढं सामान आत जाईल तेवढंच बाहेर येईल, यादी दोन प्रतींत, फाटकावरच्या शिपायाची सही. तिथे मी लागले. मला चित्रातलं काही कळत नाही. पण पेन्सिली घरून तासून आणायच्या, मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, हे माझं. ब्रशांच्या दांड्यांना मी लाल दोरा बांधला, नंबर टाकले. पॅलेट नाइफलाही बांधला. रंग मिसळायची, खरवडायची ती बोथट, लवचिक पात्याची सुरी, चार नग. तिच्यासाठी तू अधीक्षक साहेबांशी भांडलीस. "साहेब, इनं काकडी नाही कापल्या जात." साहेबांनी खरोखर डब्यातली काकडी काढली आणि कापून पाहिली. काकडी चेपली, कापली गेली नाही. चारही नग मंजूर.

या मुलांची नावं कुठे लिहायची नाहीत, छापायची नाहीत, असा कायदाच आहे. मी म्हटलं, नंबर देऊ. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मीच खाली बघितलं. "नंबर तर त्याहिले भेटलेच हाय वं." मग तू टेबलावर रंगांच्या बाटल्या मांडल्यास आणि म्हणालीस, ज्याले जो आवडते तो उचला, इथं तेच तुमचं नाव. निळ्या, हळद्या, राखुंडी झाले. एकाने बराच वेळ घेतला आणि गेरू उचलला. हजेरीत मी ती नावं लिहिली. आजही तेच लिहिते आहे.

तू त्यांना कधी विचारलं नाहीस, काय केलंस म्हणून. कधी म्हणाली नाहीस, मनातलं काढा. पहिल्या दिवशी म्हणालीस, "तू जिथं झोपत होता ना गा, ते जागा काढ." मला वाटलं, हा काय विषय झाला. पण दीड तास कोणी कागदावरून मान वर केली नाही. राखुंडीने एकच खाट काढली आणि तिच्यावर सात माणसांचे पाय. निळ्याने बस स्टँडचं बाकडं काढलं, त्याच्या मधल्या लोखंडी दांड्यासकट, जो झोपणाऱ्याला आडवं होऊ देत नाही. गेरूने आडव्या रेघा मारल्या. फक्त रेघा, वरपासून खालपर्यंत. मी त्याला विचारलं, हे काय आहे? तर म्हणाला, "शटर हाय, मॅडम. आतून."

त्याची गोष्ट तुला तुकड्या-तुकड्यांत कळली आणि तू मला परतीच्या ऑटोत सांगितलीस. आई त्याला मावशीकडे सोडून कामाला गेली ती आली नाही. मावशीच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं. नऊ वर्षांचा असल्यापासून त्याला रोज दुकान बंद केल्यावर आत ठेवायचे आणि शटरला बाहेरून कुलूप लावायचे. राखणीला. सहा वर्षं. मग तो मोटरसायकली चोरायला लागला. विकायचा नाही. पेट्रोल संपेपर्यंत चालवायचा आणि जिथे संपेल तिथे स्टँडवर लावून पायी परत यायचा. तिसऱ्या वेळी सापडला.

इथे आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हटलं, परिस्थिती सगळ्यांचीच वाईट असते, सगळे गाड्या चोरत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा आम्ही चौघं भावंडं एका खोलीत होतो, आम्ही कोणाची सायकलसुद्धा उचलली नाही. तू वाद घातला नाहीस. पुढच्या शनिवारी माझ्यासमोर कागद ठेवलास. "तू बी काढ. लहानपनी झोपत होती ते."

मी पट्टी घेऊन काढलं. भिंत, खिडकी, चार अंथरुणं, दार, दाराला कडी. मुलं हसली, पट्टीच्या रेघांना. गेरू मात्र बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडमच्या दाराले कडी आतून हाय."

 तुला बोलायची गरज नव्हती, आणि मला त्याचाच राग आला. मी पुढे अनेकदा तो वाद उकरला. निवड असते माणसाला, मी म्हणायचे. "असते ना वं," तू म्हणायचीस, "कोन नाही म्हनते?" आणि ब्रश धुवायला लागायचीस. तो वाद आपला राहिलाच.

आता तो जुलैचा शनिवार. दोन वर्षांपूर्वीचा.

गेरूने ते शटर कागदावर चार वेळा काढलं होतं. त्याला त्यात एकच गोष्ट जमत नव्हती. शटरच्या खाली, जमिनीलगत, बोटभर फट होती, आणि सकाळी तिच्यातून आधी उजेड यायचा, मग मावशीचा नवरा. तो उजेड त्याला पाहिजे होता. पांढरा रंग लावला की तो चुन्यासारखा दिसायचा. तू त्याला सांगितलंस की उजेड वरून लावायचा नाही. पांढरा बोर्ड घ्यायचा, सगळा काळा-तपकिरी करायचा, आणि रंग ओला असतानाच सुरीने खालून एक रेघ खरवडायची. आत पांढरं आहेच. आठवडाभर तो त्याचीच वाट बघत होता. शुक्रवारी तू त्याच्यासाठी घरी बोर्ड तयार केलास, खडूची भुकटी आणि गोंदाचं अस्तर देऊन. शनिवारी आणलास.

त्याने अर्ध्या तासात बोर्ड काळा केला. मग हात पुसत माझ्याकडे आला. "मॅडम, ते सुरी द्या ना. उजेड काढाचा हाय."

मी गुंडाळी उघडली. सुऱ्या तीन होत्या.

यादीत चार. शिपायाची सही चारवर. मी पुन्हा मोजल्या, तीन. तीन नंबरची नव्हती. मी त्या तीनपैकी एक त्याला दिली असती तर? दिली नाही. जे करायला पाहिजे ते मी केलं: वर्ग थांबवला आणि शिपायाला बोलावलं. पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. गाद्या उलट्या झाल्या, पेट्या उलट्या झाल्या, मुलांना रांगेत उभं केलं. सुरी मागणारा एकच होता. एक दांडगा काळजीवाहक म्हणाला, "लपवून वरतून मांगतो? हुशार हाय."  गेरू ओल्या काळ्या हातांनी उभा होता, हात अंगाला लागू नयेत म्हणून लांब धरून.

त्याला वर्गातून काढलं. अहवाल मंडळापुढे गेला. त्याच महिन्यात त्याला देखरेखीखाली बाहेर सोडायचं चाललं होतं, आयटीआयचा फॉर्म तू भरून ठेवला होतास. ते थांबलं. तो आणखी चार महिने आत राहिला आणि प्रवेशाची मुदत संपली.

त्या संध्याकाळी फाटकाबाहेर तू मला विचारलंस, "तू मोजलं होतं ना वं?"

मी म्हटलं, "मी मोजल्याशिवाय लिहीत नाही."

तू म्हणालीस, "हाव, ते तर हाय." आणि विषय संपला.

ऑक्टोबरात तू वर्ग बंद केलास. मला फोनवर सांगितलंस, आता जमत नाही. मी तुला सदरच्या त्या चहावाल्याकडे बोलावलं आणि जे बोलले ते मला आज शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, एका मुलाने सुरी चोरली म्हणून बाकीच्या अकरा जणांना सोडतेस? मी माझे शनिवार दिले, पेन्सिली तासून माझी बोटं गेली, आणि तू थकलीस म्हणून बंद?

"हाव," तू म्हणालीस. "थकली मी."

"मग आधी सांगायचं होतंस. मी कुठेतरी उपयोगी पडले असते."

तू बशीत चहा ओतलास, प्यायली नाहीस. "रागाव बाप्पा. पन घरी जाऊन जेव." असं म्हणालीस आणि कामठीच्या ऑटोकडे गेलीस. मी सात महिने तुला फोन केला नाही. मग तूच केलास, माझ्या मुलीच्या साखरपुड्याला, जणू काही झालंच नव्हतं. आपण पुन्हा बोलायला लागलो, वर्गाबद्दल सोडून सगळं. मला वाटत राहिलं की मी तुला माफ केलं आहे.

माफ. मी तुला.

रविवारी जेवणं उरकल्यावर मिलिंद म्हणाला, "ताई, वरचं सामान तुमीच पाहा. मले त्यातलं काही समजत नाही. काय ठेवाचं, काय शाळेत द्याचं, ते लिहून द्या." मी वही काढली. बरं वाटलं, करायला काहीतरी मिळालं म्हणून. मदतीला कोण? गेरू सकाळपासून चपलांच्या जोड्या सरळ करत होता. एकोणीस वर्षांचा झालाय, खांदे भरलेत, नखांत ग्रीस. कन्हानला गाड्यांच्या गॅरेजमध्ये काम करतो, मिलिंदने सांगितलं. मी त्याला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तू पाहत होतीस हे मला माहीत नव्हतं.

तो शिडीवर चढून माळ्यावरून एकेक वस्तू खाली देत होता आणि मी लिहीत होते. कोरे बोर्ड, सहा. जुने ब्रश, एक डबा. टर्पेंटाइन, अर्धी बाटली. मग त्याने एक प्लास्टिकचा डबा दिला, जड. आत अस्तराचं पांढरं मिश्रण वाळून दगड झालं होतं. त्यात एक लाकडी दांडी रुतलेली. दांडीला लाल दोरा.

माझ्या गाठी मी ओळखते. मी नंबर पाहिला. तीन.

डब्यावर तुझ्या अक्षरात मार्करने लिहिलेलं होतं, "गेरूचा बोर्ड, शुक्रवार." डब्यांवर नाव आणि वार लिहायची सवय तुला मीच लावली होती.

सुजाता, मी खाली बसले. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसले. सुरी शुक्रवारी संध्याकाळी अस्तर कालवताना त्या डब्यात रुतली होती आणि शनिवारी ती आत गेलीच नव्हती. जी वस्तू आत गेली नाही ती बाहेर कशी येणार? मग फाटकावर मी चार कसे मोजले?

गेरू शिडीवरून उतरला. डबा माझ्या मांडीवर, तो बघत होता. मला वाटलं आता हा ओरडेल, डबा फेकेल. मी त्याची तयारी करत होते. तो म्हणाला, "बाईनं फेकला नाही वाटते. मी म्हटलं होतं, फेका."

"तुला माहीत होतं?"

"हाव ना. बाई आली होती तवाच, मी आत होतो तवा. दसऱ्याच्या आदी घर आवरून राहिली होती म्हने, पावने येतेत दीक्षाभूमीले, तं हा डबा भेटला. भेटीच्या दिवशी येऊन मले सांगतलं." तो थांबला. "रडत होती. म्हने, चुकी माही हाय, मी घरीच विसरली. माफी मांगतली माही. आतापर्यंत कोनी मांगतली नव्हती."

"मला का नाही सांगितलं?"

तो पहिल्यांदा हसला. "बाई म्हने, मॅडमले नको सांगू. ते रातभर मोजत बसतीन."

मी डब्यावरचं तुझं अक्षर बघत राहिले. त्याला वाटलं मी तुझ्यावर रागावले, म्हणून त्याने तुझी बाजू घेतली. "तुमाले वाईट नका वाटू देऊ, मॅडम. तुमी तं बरोबरच मोजलं असन. तुमची यादी कुठं चुकते? बाईच विसरभोळी होती."

आणि मी म्हटलं, "जेवलास का?"

"हाव, जेवलो."

एवढंच बोलले मी, सुजाता. जेवलास का.

मग त्याने मला तू गुरुवारी सदरला का गेली होतीस ते सांगितलं. त्याने कन्हानला खोली घेतली आहे, या महिन्यात. एक खोली, मोरी, पत्र्याचं छत. तू बघायला गेली होतीस आणि म्हणालीस, भिंत रिकामी आहे, तुझं चित्र आहे माझ्याकडे. त्याचा तो काळा बोर्ड तू दोन वर्षं जपला होतास. फ्रेम करायला तोच नेला होतास. फ्रेमवाला रविवारी तो कागदात गुंडाळून घेऊन आला होता, आणि कोणाला द्यायचा हे कळेना म्हणून तसाच दाराशी उभा होता. मी कागद सोडला. काळा, तपकिरी, आडव्या रेघा. खाली फट नाही, उजेड नाही. गेरूने नखाने कोपऱ्यात जरासं खरवडून पाहिलं.

"आता नाही निघत," तो म्हणाला. "वाळला. राहू द्या. माह्या खोलीत लाइट हाय." आणि मग, अगदी सहज, "कडी पन हाय. आतून."

चित्र त्याने लगेच नेलं नाही. गॅरेजच्या मालकाची मोटरसायकल घेऊन आला होता, फ्रेम मोडेल म्हणाला. मी म्हटलं, मी आणून देते. त्याने पत्ता माझ्या वहीत लिहिला. अक्षर सुंदर आहे. मला माहीत नव्हतं.

निघताना मी तुझी कागदपत्रांची फाइल बरोबर घेतली, ती मीच तुला लावून दिलेली, 'वर्ग: पत्रव्यवहार'. सगळ्यात वर तुझ्या पत्राची झेरॉक्स होती. अधीक्षक साहेबांना. जुलैत हरवली असं समजलेली पॅलेट नाइफ क्रमांक तीन माझ्या घरी सापडली आहे. ती त्या दिवशी आत आलीच नव्हती. यादी मी न तपासता दिली. मुलाचा यात काहीही दोष नाही. चूक माझी एकटीची आहे.

पाच ओळी. अभिव्यक्ती कुठेच नाही. अर्ज लिहायला शिकलीस तू शेवटी, आणि पहिला बरोबर अर्ज हा लिहिलास. त्याच्यामागे साहेबांचं उत्तर होतं: अहवालात दुरुस्ती करण्यात येत आहे; वर्गाची परवानगी पुढे देता येणार नाही. तारीख आपण सदरला चहाला भेटलो त्याच्या आदल्या दिवशीची.

यादीखाली सही तुझी असायची, वर्ग तुझा म्हणून. अक्षर माझं. साहेबांनी फक्त सही पाहिली.

घरी आल्यावर मी कपाटातून दोन वर्षांपूर्वीची डायरी काढली. मी डायऱ्या टाकत नाही, तुला माहीत आहे. मोजताना मी समासात उभ्या रेघा मारते. चार झाल्या की पाचवी आडवी. प्रत्येक शनिवारच्या पानावर त्या रेघा आहेत. त्या शनिवारच्या पानावर नाहीत. फक्त यादी आहे, स्वच्छ, एका दमात लिहिलेली. बारा ब्रश, चोवीस पेन्सिली, चार सुऱ्या. मागच्या शनिवारचं पान उलटलं: शब्दाला शब्द तीच. आणि तेव्हा मला आठवलं. मुलीच्या कॉलेजच्या कामात उशीर झाला होता. मी ऑटोतच मागच्या आठवड्याची यादी उतरवून काढली, तू फाटकाशी गुंडाळी घेऊन उभी होतीस, शिपाई घाई करत होता. मी गुंडाळी उघडली नाही. हातात घेऊन पाहिली. जड लागली. मी टिक केली.

संध्याकाळपर्यंत मी ते विसरले होते. खोटं बोलले नव्हते. मला खरंच वाटत होतं की मी मोजलं. एवढी वर्षं मोजत आले तर त्या दिवशी का मोजलं नसेन? हे तुला पटलं असतं की नाही, मला कळत नाही. तुला कधी कळलं होतं? डबा सापडला तेव्हा तर नक्कीच. सुरी घरी विसरणं ही तुझी चूक, बरोबर, पण तुझ्यासारखी माणसं विसरतात म्हणून तर माझ्यासारखी ठेवतात. ते तुला ठाऊक होतं, आणि तू चहाच्या टपरीवर माझं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, थकली मी.

मला तुझा राग येतो आहे. तू मला सांगायला हवं होतंस. मी रात्रभर मोजत बसले असते, बसू द्यायचं होतंस. तू माझी चूक उचलून स्वतःच्या खात्यात टाकलीस, वर्ग घालवलास, सात महिने मला घालवलंस, आणि मग स्टुलावर बसून पाणी मागितलंस. आता मी कोणाशी भांडू? आणि थँक्यू कोणाला म्हणू? 

निवड असते माणसाला, मी तुला सांगत राहिले. गेरूने सुरी घेतलीच नव्हती. निवड फाटकाशी होती, गुंडाळी उघडायची की नाही.

आज मंगळवार. तुझी कामं जवळजवळ उरकली. शाळेला ब्रश आणि कोरे बोर्ड पोचवले, मुख्याध्यापिकेची पोच घेतली. मिलिंदला वस्तूंची यादी दिली. या वेळी मोजून, रेघा मारून. मंडपवाल्याच्या सतरंज्या परत गेल्या. तुझ्या चष्म्याची काच आली होती दुरुस्तीहून, ती छायाला दिली. डबा मी ठेवून घेतला आहे, सुरी त्यातून काढली नाही.

काळा बोर्ड फ्रेमसकट माझ्या पलंगाशेजारी भिंतीला टेकवून उभा आहे. काल संध्याकाळी मी कन्हानच्या ऑटोत बसले होते. कामठीपर्यंत गेले, तिथे उतरले, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ उभी राहिले आणि चित्र घेऊन परत आले. त्याला माहीत आहे की बाईने माफी मागितली. चूक कोणाची होती हे त्याला चुकीचं माहीत आहे, आणि ते बरोबर करू शकणारी आता मी एकटीच उरले आहे.

वहीत राहिलेलं एकच काम, टिक नाही:

कन्हान. गेरू. चित्र देणे. त्याआधी सांगणे: बाई विसरली, पण मोजायचं काम माझं होतं, आणि मी मोजलं नव्हतं.